विंचू, एक गोळी आणि भोकरदनचा डॉक्टर

पैठणच्या नाथमहाराजांच्या भारुडातला विंचू मराठी माणसाला चांगलाच परिचयाचा आहे. तेथे तो मनोविकारांचे रूपक होऊन येतो. भारूड सादर करणारा कलावंत वेदनेने तळमळण्याचा अभिनय करू लागला, की समोरचा श्रोतृवर्ग मनमुराद हसतो. रूपकाबाहेरच्या विंचवाकडेही शहरी माणूस बहुधा याच नजरेने पाहतो. विंचू चावला म्हणजे रात्रभर ठणका, सकाळी आराम, अशी आपली समजूत असते. पण सरपण गोळा करताना, कडब्याची पेंढी उचलताना किंवा विटांचा ढीग हलवताना ज्याचा हात विंचवावर पडतो, त्याच्या घरी ही समजूत कधी कधी फार महागात पडते. असे मृत्यू जवळून पाहून त्यामागचे कारण शोधत बसलेला आणि त्यावर अगदी स्वस्तातला उपाय रूढ करणारा डॉक्टर मूळचा आपल्याच मुलखातला आहे. ही गोष्ट छत्रपती संभाजीनगरातही पुष्कळांना ठाऊक नसावी.

डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर यांचा जन्म १९५१ सालचा, भोकरदन तालुक्यातील देहेड गावचा. आज हे गाव जालना जिल्ह्यात मोडते. मात्र जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. तोपर्यंत भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे पडेल ते काम करत त्यांना शिक्षण पुरे करावे लागले. 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रात त्या दिवसांची हकीकत त्यांनीच सांगितली आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून ते एम.बी.बी.एस. झाले आणि १९७६ साली कोकणात, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मराठवाड्याच्या कोरडवाहू भागात वाढलेला हा तरुण डॉक्टर जांभ्या दगडाच्या मुलखात गेला आणि तेथे त्याची गाठ लाल विंचवाशी पडली.

येथे थोडे थांबून विंचवाविषयी सांगायला हवे, कारण या बाबतीत लोकांच्या मनात नेमका उलटा समज असतो. मोठा काळा विंचू पाहिला की भीतीने अंगावर काटा येतो. त्याचा दंश वेदनादायक असतो हे खरे, पण त्याने जीव जाण्याची शक्यता फारच कमी. खरा घातक आहे तो त्याच्याहून आकाराने लहान, तांबूस रंगाचा विंचू. हा मुख्यत्वे भारतीय उपखंडात आढळतो. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तामिळनाडू, सौराष्ट्र अशा अनेक भागांत त्याच्या दंशाचे गंभीर रुग्ण नोंदले गेले आहेत. त्यातही प्रत्येक दंश जीवघेणा नसतो. बहुतेकांना केवळ वेदना होतात आणि त्या काही तासांत आपोआप ओसरतात. 'विंचू उतरवणाऱ्या' मांत्रिकांची प्रतिष्ठा टिकून राहिली ती या निसर्गनियमामुळेच. दहापैकी बहुतेकांना मंत्राविनाही बरे वाटणारच होते, पण श्रेय मंत्राला मिळत गेले. उरलेल्या थोड्यांचे मात्र दुखणे निराळेच असते. चमत्कारिक गोष्ट अशी, की या गंभीर रुग्णांना दंशाच्या जागी पुष्कळदा फारशी वेदनाही नसते, आणि म्हणून सुरुवातीला कोणी घाबरत नाही.

बिरवाडीत असे रुग्ण येत. त्यांना घाम फुटलेला असे, उलट्या होत असत. मग काही तासांनी धाप लागून तोंडावाटे गुलाबी फेस येई आणि रुग्ण दगावे. त्यांत लहान मुले असत, कमावती माणसेही असत. पाठ्यपुस्तकांतून या अवस्थेबद्दल फारसे काही हाती लागत नव्हते. मोठ्या शहरातील रुग्णालय गाठायचे तर मुंबई दीडशे किलोमीटरहून दूर, आणि फुफ्फुसात पाणी भरत असलेला रुग्ण त्या काळच्या रस्त्यांवरून तेवढा टिकणार तरी कसा? ज्याच्याकडे पुढे पाठवण्याची सोय नाही, त्या डॉक्टरसमोर दोनच मार्ग उरतात. हात टेकायचे किंवा रुग्णाच्या उशाशी बसून नीट पाहायचे. डॉ. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसले. कोणते लक्षण आधी दिसते, कोणते नंतर, रक्तदाब केव्हा चढतो, केव्हा ढासळतो, याची ते तासातासाने टिपणे ठेवू लागले.

या टिपणांतून जे हाती आले ते १९८२ साली 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे ज्याच्या दंशाने हृदय कोलमडणार आहे, त्या रुग्णाच्या अंगावर आधीच काही खुणा उमटतात, असे त्या लेखाचे सांगणे होते. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला सुटलेली लाळ, थंडगार पडलेले हातपाय आणि पुरुष रुग्णांमध्ये लिंगाला आलेली अनैच्छिक ताठरता. या यादीकडे जरा बारकाईने पाहावे. तिच्यातील एकाही खुणेसाठी यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. आरोग्य केंद्रातील परिचारिका रुग्णाचा हात हातात घेऊन ती ओळखू शकते. दंश झालेल्या शंभर जणांपैकी कोणाला घरी पाठवायचे आणि कोणाला डोळ्याआड होऊ द्यायचे नाही, हे ठरवण्याचे साधन ग्रामीण डॉक्टरच्या हाती प्रथमच आले. या संशोधनाचे पुढचे यश मोठे असले, तरी मला स्वतःला ही पहिली पायरीच अधिक मोलाची वाटते.

शरीरातले वादळ

विंचवाचे विष करते तरी काय? आपल्या मज्जातंतूंमधून संदेश जातो तो सोडियमच्या कणांसाठी असलेली सूक्ष्म दारे उघडण्या-मिटण्यातून. लाल विंचवाचे विष ही दारे मिटू देत नाही. परिणामी इच्छेवाचून चालणारी सारी मज्जासंस्था एकदम चेतते. घाम, लाळ आणि उलट्या हा या वादळाचा पहिला सोसाटा असतो. पाठोपाठ ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात प्रचंड प्रमाणात उतरतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय थंड पडतात आणि रक्तदाब भडकतो. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. त्याच्या स्नायूला या द्रव्यांचा थेट मारही बसत असतो. अखेर ते हात टेकते आणि तुंबलेले रक्त फुफ्फुसांवर चालून येते. तोंडाशी दिसणारा गुलाबी फेस हे त्याचेच चिन्ह होय.

हे चित्र स्पष्ट झाल्यावर त्या काळी सर्रास दिली जाणारी औषधे निरुपयोगी का ठरत होती, याचाही उलगडा झाला. स्टेरॉइड, ॲलर्जीवरची इंजेक्शने, गुंगीच्या औषधांचे मिश्रण यांतले काहीच आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करत नव्हते. ॲट्रोपिन तर घाम आणि लाळ थांबवून रुग्ण सुधारल्याचा आभास निर्माण करी, पण आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी चाबूक मारी.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकशास्त्रातील एम.डी. पदवी घेऊन डॉ. बावस्कर पुन्हा महाड परिसरातच परतले. एम.डी. झालेला डॉक्टर त्या वेळी तालुक्याच्या गावी परतत नसे. आजही फारसा परतत नाही. महाडला त्यांनी प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड हे वाहिन्या सैल करणारे औषध गंभीर रुग्णांना दिले आणि रुग्ण वाचू लागले. मात्र हे औषध शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते. प्रकाशाने ते बिघडते, म्हणून बाटली झाकून ठेवावी लागते. दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजावा लागतो, कारण थोडा हात चुकला तर तो एकदम कोसळतो. म्हणजे उपाय सापडला होता, पण अतिदक्षता विभाग आणि सतत बसून राहणारा निष्णात डॉक्टर असल्याखेरीज तो वापरता येत नव्हता. दुर्गम वाडीवरच्या रुग्णाच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखाच होता.

तेव्हा त्यांची नजर प्राझोसिनकडे वळली. उच्च रक्तदाबासाठी वापरली जाणारी ही साधी गोळी. ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या ज्या ग्राहकांवर बसून त्या आवळतात, नेमके तेच ग्राहक प्राझोसिन अडवते. रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयावरचे ओझे उतरते. गोळी तोंडाने घ्यायची, रुग्णाला आडवे ठेवायचे, रक्तदाबावर लक्ष ठेवायचे आणि हातपाय कोरडे व उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी मात्रा द्यायची. १९८६ साली हाही अनुभव 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी अशा गंभीर रुग्णांपैकी तीस ते चाळीस टक्के दगावत असत. वेळेवर प्राझोसिन मिळू लागल्यावर हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आल्याचे पुढील वर्षांतील अनुभवाने दाखवून दिले.

सुविधा म्हणजे काय?

ग्रामीण आरोग्यसेवेची चर्चा निघाली, की आपल्याकडे रस्ते, खाटा, रुग्णवाहिका यांची मोजदाद सुरू होते. ती व्हायलाच हवी. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ वाहने प्रगत जीवरक्षक साधनांनी सज्ज होती आणि प्रत्येकीत डॉक्टर असावा अशी योजना होती. तातडीच्या उपचारांचे शास्त्र ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये मान्य केली. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत तिचे स्वतंत्र विभाग उभे राहिले. या साऱ्यामुळे रुग्ण रुग्णालयापर्यंत लवकर पोहोचू लागला, यात शंका नाही. पण सिल्लोडहून छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय सुमारे पासष्ट किलोमीटरवर आहे, आणि सिल्लोडच्याही पलीकडे वाड्या-वस्त्या आहेत. १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे हे रुग्णालय मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांचा शेवटचा आधार आहे. तेथे पोहोचलेल्या रुग्णाच्या नशिबाचा निवाडा पुष्कळदा वाटेतल्या पहिल्या डॉक्टरने काय केले, यावरच होऊन गेलेला असतो.

डॉ. बावस्करांच्या कारकिर्दीचे मर्म मला येथे दिसते. रुग्णाला उपचारापर्यंत कसे न्यावे, या प्रश्नाची त्यांनी दिशाच बदलली. उपचार इतका सोपा, इतका स्वस्त करता येईल का, की तो रुग्णाच्या सर्वांत जवळच्या खोलीत, सर्वांत कमी अनुभवी डॉक्टरच्या हातून देता येईल? लक्षणांच्या यादीने ओळख सोपी केली, गोळीने उपचार सोपा केला. ही दोन्ही कामे वैद्यकीय महाविद्यालयाच्या विभागात बसून झालेली नाहीत. प्राध्यापकपद, संशोधन-निधी, सहायकांचा ताफा यांपैकी काहीही हाताशी नसताना ती झाली. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या मात्र दवाखान्यात आणि संशोधनात त्यांच्या सहकारी राहिल्या. अनेक शोधनिबंधांवर दोघांचीही नावे आहेत.

अर्थात, या संशोधनावर रास्त आक्षेपही घेता येत होता. एका गटाला औषध द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही आणि मग तुलना करायची, अशी काटेकोर चाचणी सुरुवातीच्या काळात झाली नव्हती. आधीच्या रुग्णांशी नंतरच्या रुग्णांची तुलना हाच मुख्य पुरावा होता. शास्त्राच्या काट्यावर असा पुरावा थोडा हलकाच भरतो. पण डोळ्यांदेखत रुग्ण सुधारत असताना निम्म्या रुग्णांना औषधाविना ठेवायचे कसे, हा प्रश्नही तितकाच खरा होता.

पुढे लाल विंचवाच्या विषावरचे प्रतिविष उपलब्ध झाले, तेव्हा अशी चाचणी नैतिकदृष्ट्या शक्य झाली. गंभीर लक्षणांच्या ७० रुग्णांपैकी निम्म्यांना केवळ प्राझोसिन, तर उरलेल्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही देण्यात आले. कोणाला काय मिळणार, हे चिठ्ठीने ठरवावे तसे ठरले. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केलेले निष्कर्ष असे, की दोन्ही औषधे मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत सावरले, तर केवळ प्राझोसिनवरच्या रुग्णांना सुमारे १८ तास लागले. ज्या गोळीने आपल्याला जगभर ओळख दिली, ती एकटी पुरेशी वेगवान नाही, हे डॉ. बावस्करांनी स्वतःच मोजून जाहीर केले. वैद्यकाच्या इतिहासात असा मोकळेपणा वाटतो तितका सर्रास आढळत नाही.

मग गोळीचे महत्त्व संपले का? तसे मुळीच नाही. प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनते, त्याचा साठा मर्यादित असतो आणि ते प्रत्येक आरोग्य केंद्रात असेलच असे नाही. शिवाय किमतीचाही प्रश्न आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात तिकडच्या विंचवाच्या दंशावर मेक्सिकोत तयार होणारे प्रतिविष वापरतात. तेथील औषध प्रशासनाने २०११ मध्ये त्याला मान्यता दिल्यानंतर एकेका कुपीसाठी रुग्णांना हजारो डॉलरचे बिल येऊ लागले. मेक्सिकोत तेच औषध त्याच्या कितीतरी पट कमी दरात मिळत होते. म्हणजे रुग्णालय कोसावर असले आणि औषध कपाटात असले, तरी ते आवाक्यात असेलच असे नाही.

पैशाच्या या बाजूवर डॉ. बावस्करांनी घरच्या आघाडीवरही भांडण केले. एका रोगनिदान केंद्राने रुग्ण पाठवल्याबद्दल धाडलेला १२०० रुपयांचा धनादेश त्यांनी २०१३ च्या सुमारास परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार नोंदवली. 'कट प्रॅक्टिस' हा शब्द त्यानंतर वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आला. राज्य सरकारने २०१७ मध्ये या प्रथेविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार करवून घेतला. व्यवसायबंधूंपैकी काहींना हे रुचले नाही, यात नवल नाही. परंतु डॉक्टरांमधल्या देवघेवीमुळे तपासणीचा खर्च वाढतो आणि तो खेड्यातला रुग्ण आपल्या खिशातून भरतो, हा त्यांचा मुद्दा विंचवाच्या गोळीइतकाच साधा होता.

विंचवाबरोबरच त्यांचे लक्ष सर्पदंशाकडेही राहिले. विशेषतः मण्यारीचा दंश. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, दंशाची खूण दिसत नाही, फारसे दुखतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात आणि हळूहळू श्वासाचे स्नायू लुळे पडतात. अशा रुग्णाला पोटदुखीचे औषध देऊन घरी धाडणारा डॉक्टर दुष्ट नसतो. त्याला कोणी हे शिकवलेले नसते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला आणि केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यूंची संख्या निम्म्यावर आणण्याचे त्यात उद्दिष्ट आहे. या आराखड्यातही प्रशिक्षणाचा भाग मोठा आहे.

डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली. बिरवाडीत रुजू झाल्यानंतर तब्बल सेहेचाळीस वर्षांनी.

वाचकांपैकी अनेकांची शेती आणि नातीगोती अजून गावाकडे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे. विंचू चावल्यास दंशाची वेळ लक्षात ठेवावी. वर आवळून दोरी बांधू नये, जखम कापू नये, उतरवणाऱ्याकडे जाण्यात तास घालवू नये. प्राझोसिनची गोळी घरच्या घरी देण्याची नाही. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यावी. दुखणे जास्त आहे की कमी, यावर विसंबू नये. रुग्णाला उलटी झाली का, कपडे घामाने भिजले आहेत का, हे पाहावे आणि त्याचा तळहात हातात घ्यावा. तो थंडगार लागला, तर जवळच्या आरोग्य केंद्रात पोहोचताच सर्वांत आधी डॉक्टरांना तेवढेच सांगावे. लहान मुलाच्या बाबतीत तर घड्याळाकडे पाहतही बसू नये.